शनिवारची तीन तासांची बैठक

प्रश्न

पुण्यातील एका शिक्षणसंस्थेच्या वनस्पतिशास्त्र विभागात सहायक प्राध्यापिका असलेल्या एका वाचकांचे हे पत्र आहे. त्यांच्या संशोधनगटात चार पीएच.डी. विद्यार्थी, एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे दोघे आणि एक प्रोजेक्ट असिस्टंट असे सात जण आहेत. सह्याद्रीतील जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, उगवणाऱ्या वनस्पती हा त्यांचा विषय. तीन वर्षांपूर्वी गट लहान असताना त्यांनी दर शनिवारी सकाळी दहा वाजता तासाभराची बैठक सुरू केली. ती आता दुपारी एकपर्यंत लांबते. प्रत्येक जण आठवड्याचे काम स्लाइडवर दाखवतो, त्या प्रश्न विचारतात, सुचवतात, कधी रागावतात. बाकीचे खाली किंवा फोनकडे बघत बसतात. शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या आणि परीक्षेच्या कामांमुळे महिन्यातून एखादी बैठक त्यांना स्वतःलाच ऐनवेळी रद्द करावी लागते. एक विद्यार्थी तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवतो, एक विद्यार्थिनी वाघोलीहून येते, आणि एक विद्यार्थी ओडिशाचा असल्यामुळे बैठक इंग्रजीत चालते. पूर्वी सर्वांत जास्त बोलणारी, तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी गेले चार महिने विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. ‘मुलांना या बैठकीची गरजच वाटत नाही, असे दिसते. हजेरी सक्तीची करावी, की बैठकच बंद करून ज्याला गरज असेल त्याने येऊन भेटावे, असे सांगावे?’ असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

तुम्ही विचारलेल्या दोन पर्यायांपैकी एकही मी सुचवणार नाही. पण त्याआधी तुमच्या पत्रातील ज्या वाक्यावर तुमचा सगळा प्रश्न उभा आहे, त्या वाक्यापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. मुलांना बैठकीची गरज वाटत नाही, हा तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे. तुम्ही केलेले बैठकीचे वर्णन मात्र मला वेगळेच काही सांगते. एक जण उठतो, तुमच्याशी बोलतो, तुम्ही त्याला उत्तर देता, तो बसतो आणि दुसरा उठतो. म्हणजे शनिवारी तुमच्याकडे सात जणांची एक बैठक होत नाही, तर एकाच खोलीत पाठोपाठ सात खासगी भेटी होतात आणि उरलेल्या सहा जणांना त्या प्रत्येक भेटीचे साक्षीदार म्हणून बसवलेले असते. ‘या आठवड्यात बारा क्वाड्रॅट (वनस्पती मोजण्यासाठी आखलेले चौकोन) झाले, चार राहिले, मातीचे नमुने वाळवायला ठेवले आहेत’ हे ऐकून बीजांकुरणावर काम करणाऱ्या मुलीने नेमके काय बोलावे? त्यात बोलण्याजोगे काही नसते. मग ती खाली बघते.

याचा साधा हिशोब करून पाहा. तुम्ही धरून आठ जण तीन तास बसता, म्हणजे दर शनिवारी गटाचे चोवीस तास खर्च होतात. त्यांतील प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीसएक मिनिटे बोलणे आणि अडीच तासांहून अधिक ऐकणे येते, आणि ते ऐकणेही असे, की ज्यातून सोमवारी सकाळी काही वेगळे करावे असे निघत नाही. या परिस्थितीत हजेरी सक्तीची केली, तर तुम्हाला हजेरीच मिळेल.

ही बैठक तुम्ही चुकीची सुरू केली, असे मी म्हणत नाही. दोन विद्यार्थी आणि तुम्ही असे तिघे एका टेबलाभोवती बसत होतात, तेव्हा हाच प्रकार चांगला चालला असणार, कारण तेव्हा एकाचे काम दुसऱ्याला आपोआप माहीत होते आणि बोलणे तिघांत फिरत होते. नंतर गट वाढला. बैठकीचा साचा मात्र तोच राहिला आणि लांबत गेला. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चारच पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे तुमचा गट आता त्याच्या पूर्ण आकाराला आला आहे. जी काय रचना करायची, ती या आकारासाठी करायला हवी.

आता थोडे अवघड बोलतो. दर आठवड्याला प्रत्येकाचा हिशोब घेतला नाही, तर मुले पाट्या टाकतील, ही भीती तुमच्या पत्रात कुठे लिहिलेली नाही. पण ती ओळींच्या मध्ये आहे. अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे, विशेषतः स्वतःच्या पदोन्नतीसाठी विद्यार्थ्यांचे प्रबंध वेळेत पूर्ण होणे महत्त्वाचे असते तेव्हा. परंतु जबाबदारीचा हिशोब घेण्याची जागा व्यवस्थेने आधीच करून ठेवली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावे लागते आणि प्रगती अहवाल द्यावा लागतो. ज्याच्याकडे जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप आहे, त्याचे दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन मगच त्याला एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप मिळते. म्हणजे परीक्षा पुरेशा आहेत. दर शनिवारी त्यांच्यात आणखी एकीची भर घातली, तर मुले शनिवारसाठी काम करू लागतात: स्लाइडवर दाखवता येईल असे, दोन आठवड्यांत संपेल असे आणि फसले तरी लपवता येईल असे.

लपवण्याचे हे मी अनुभवाने लिहितो आहे. माझ्या प्रयोगशाळेत उतिसंवर्धनावर (वनस्पतीच्या ऊतींपासून बाटलीत रोपे वाढवण्यावर) काम करणारी एक विद्यार्थिनी जवळजवळ पाच महिने दर सोमवारच्या बैठकीत ‘सबकल्चर चालू आहे’, म्हणजे ऊती नव्या बाटल्यांत हलवणे चालू आहे, असे सांगत असे. मी मान डोलावून पुढच्याकडे वळत असे. तिच्या बाटल्या एकामागून एक बुरशीने जात होत्या आणि तो आपल्याच हाताचा दोष आहे, अशी तिची खात्री झाली होती. त्याच बैठकीत तिच्या शेजारी बसणारा एक मुलगा आपल्या प्लेट खराब होतात म्हणून हळूच दुसऱ्या विभागातील लॅमिनार (गाळलेल्या, जंतुविरहित हवेत काम करण्याचे कपाट) वापरू लागला होता. पण त्यानेही ते सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर ‘तुझे तंत्र सुधार’ हे माझे ठरलेले वाक्य त्याला ऐकावे लागले असते. शेवटी डबा खाताना दोघांचे बोलणे झाले आणि आमच्या लॅमिनारचा फिल्टर कामातून गेला आहे, हे बाहेर आले. पाच महिने ही दोन माणसे माझ्यासमोर दर सोमवारी एका टेबलाशी बसत होती. बैठक मी घेत होतो, आणि जे काम बैठकीने करायचे ते डब्याने केले.

त्या प्रसंगानंतर मी बैठकीला एकच कसोटी लावू लागलो: एकट्याने किंवा माझ्याशी दोघांत बोलून जे होणार नाही, असे आज येथे काय होणार आहे? ही कसोटी काही माझी नाही. ज्याला आज आपण जर्नल क्लब म्हणतो, तो १८७५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक विल्यम ऑस्लर यांनी सुरू केल्याचे मानले जाते, आणि त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते. वैद्यकीय नियतकालिके महाग होती, ती एकट्याला विकत घेणे परवडत नव्हते, म्हणून वर्गणी काढून घ्यायची आणि मिळून वाचायची. (त्याच वर्षी आपल्या पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, दोन्ही प्रकार आजतागायत टिकून आहेत, पण व्याख्यान आणि बैठक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या विभागांमध्ये पहिलीला दुसरीचे नाव देण्याची सवय फार आहे.) सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये स्थापन झाले, आणि त्याच्या पाक्षिक सभांत सभासद हाती आलेली कागदपत्रे व त्यांवरील टिपणे वाचून दाखवत. एखाद्या मोडी कागदाची तिथी, त्यातले गाव, त्यातला उल्लेखिलेला माणूस हे सगळे एकट्याला क्वचितच लागते. एकाला अक्षर लागते, दुसऱ्याला घराणे ठाऊक असते, तिसऱ्याने तो गाव पाहिलेला असतो. अशा सभेला जाणारा माणूस हजेरी द्यायला जात नाही. आपला अडलेला कागद घेऊन तो जातो.

तुमच्या गटातील ‘अडलेला कागद’ कोणता, हे शनिवारी टेबलावर यायला हवे. तसे व्हायचे असेल, तर वैयक्तिक प्रगतीचे बोलणे आधी तेथून बाहेर काढावे लागेल. माझी सूचना अशी, की चारही पीएच.डी. विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा प्रत्येकी अर्धा तास तुमच्या खोलीत, दार लावून, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी द्यावा. एकूण दोन तास होतात. आज तुम्ही शनिवारी तीन देत आहात. एम.एस्सी.चे दोघे ज्या वरिष्ठ विद्यार्थ्याजवळ काम शिकतात, त्याच्यासोबतच त्यांनी पंधरा दिवसांनी यावे; प्रोजेक्ट असिस्टंटशी तुमचे बोलणे तसेही रोज होत असणार. आठवड्याला दोन तास निघत नसतील, तर पंधरवड्याने भेटा, पण ती भेट मोडू नका. ‘ज्याला गरज असेल त्याने यावे’ हा तुमचा दुसरा पर्याय मला धोक्याचा वाटतो तो याच कारणाने: ज्याचे काम नीट चालले आहे तो येतो, आणि ज्याचे घोडे पेंड खाते आहे तो जिन्यात तुम्हाला पाहून वळतो. आमच्या त्या विद्यार्थिनीला कुणी मज्जाव केला नव्हता. माझे दार उघडे होते, आणि ते उघडे असल्याचा मला अभिमानही होता.

मग शनिवारी काय उरते? सव्वा तास, एक वक्ता आणि त्याचा एक प्रश्न. गटात तुम्ही धरून आठ जण आहात, म्हणजे आठ पाळ्यांत एक फेरी पूर्ण होते आणि सुट्ट्या, शोधनिबंधाचे शनिवार व पावसाळ्याचे महिने (त्यांविषयी पुढे) वजा जाता प्रत्येकाची पाळी वर्षातून तीनेक वेळा येते. ज्याची पाळी असेल त्याने गुरुवारपर्यंत अर्धे पान लिहून सर्वांना पाठवावे: मला काय शोधायचे आहे, काय केले, कुठे अडले, आणि तुमच्याकडून मला काय हवे. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘माझे काम सादर करतो’ असे म्हणणाऱ्याला टाळ्या मिळतात. ‘या दोन सड्यांवरच्या मातीची खोली सारखी असूनही प्रजातींची संख्या इतकी वेगळी का येते, मला कळत नाही, माझ्या क्वाड्रॅटच्या जागा निवडण्यात काही चुकले आहे का, ते बघा’ असे म्हणणाऱ्याला उत्तरे मिळतात. स्लाइड पाच-सहांपेक्षा जास्त नकोत. खरे तर त्या अजिबात नसल्या तरी चालेल; एक आलेख छापून टेबलाच्या मध्यभागी ठेवला, की माणसे पडद्याकडे तोंड करण्याऐवजी एकमेकांकडे बघतात.

महिन्यातून एका शनिवारी वक्त्याऐवजी एखादा शोधनिबंध घ्यावा. तो सर्वांनी वाचून यावा, अशी अपेक्षा ठेवली तर दोघेच वाचून येतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्याऐवजी निबंधातील आकृत्या तेवढ्या घ्या, प्रत्येक आकृती एकेकाला वाटून द्या, आणि ‘ही आकृती काय सांगते व काय सांगत नाही’ एवढेच त्याने सांगावे. यासाठी अर्ध्या तासाची तयारी पुरते आणि ती होते.

पहिली पाळी तुमची असावी, आणि त्या दिवशी तुम्ही पूर्ण झालेले, छापून आलेले काम दाखवू नये. नाकारला गेलेला एखादा प्रकल्प-प्रस्ताव, परीक्षकांचे बोचरे शेरे आलेला एखादा लेख, किंवा ज्याची सुरुवातच सुचत नाही असा मसुदा आणावा आणि ‘मला यात काय चुकले ते सांगा’ असे म्हणून गप्प बसावे. गप्प बसणे हे यातले खरोखर कठीण काम आहे. पहिली दोन-तीन मिनिटे कुणी बोलणार नाही आणि तुम्हाला स्वतःच उत्तर देऊन टाकण्याचा मोह होईल. तो आवरला, तर चौथ्या मिनिटाला कुणीतरी बोलेल, आणि तो जे बोलेल ते कदाचित बरोबरही असेल.

मुलांच्या गप्प बसण्याबद्दल मात्र मला अधिक लिहायचे आहे, कारण ज्यांना आपण निरुत्साही समजतो, त्यांच्यापैकी पुष्कळ जण वेगळ्याच कारणाने गप्प असतात. पुण्यातील संशोधनगटांत नंदुरबार, बीड, सांगली अशा ठिकठिकाणांहून मराठी माध्यमातून शिकून आलेली मुले असतात. त्यांना शोधनिबंध इंग्रजीत वाचता येतो, लिहिणेही हळूहळू जमते. पण चालू चर्चेत, वाक्य मनात जुळवून तोंडाने बाहेर पडेपर्यंत, विषय पुढे गेलेला असतो. शिवाय घरात आणि शाळेत दहा-पंधरा वर्षे ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ हे ऐकलेल्या मुलीला वरिष्ठ विद्यार्थ्याच्या कामातील चूक चारचौघांत, मॅडमसमोर दाखवायला सांगणे म्हणजे तिच्या दृष्टीने उद्धटपणा करायला सांगणे असते. तिला शंका असते, पण ती ती शंका नंतर जिन्यात मैत्रिणीजवळ बोलते. ‘तुम्ही प्रश्न विचारलेच पाहिजेत’ असे बजावून हे सुटत नाही.

यावर मी दोन गोष्टी करून पाहिल्या आणि दोन्हींचा उपयोग झाला. पहिली अशी, की वक्त्याचे बोलणे संपल्यावर तीन मिनिटे कुणीच बोलायचे नाही; प्रत्येकाने कागदावर एक प्रश्न लिहायचा, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. मग प्रश्न विचारायला सुरुवात करायची ती सर्वांत लहान असलेल्यापासून, म्हणजे तुमच्याकडे एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यापासून, आणि तुमचा प्रश्न सगळ्यांत शेवटी. तुम्ही आधी बोललात, की उरलेले सगळे तुमचीच री ओढतात. यात त्यांचा दोष नाही, आपण मत सांगितल्यावर खोलीत दुसरे मत शिल्लक राहत नाही इतकेच. दुसरी गोष्ट भाषेची. तुमच्याकडे ओडिशाचा विद्यार्थी आहे, म्हणून सगळी बैठक मराठीत घ्या असे मी म्हणणार नाही. त्याला बाहेरचा ठरवून कुणाचे भले होणार नाही. पण प्रश्न मराठीत, हिंदीत किंवा मिसळून विचारायला मुभा ठेवा, आणि ज्याला तो कळला त्याने एका वाक्यात इंग्रजीत सांगावा. मी पाहिले आहे, की पुष्कळदा हे भाषांतर करतानाच प्रश्न अधिक नेमका होतो. आणि खरे सांगायचे, तर तुमचा ओडिशाचा विद्यार्थीही इंग्रजीत तेवढाच अडखळत असेल. त्याला कुणी विचारले आहे का?

वार आणि वेळ या गोष्टी आपण क्षुल्लक समजतो, पण तुमच्या पत्रातील दोन माणसांसाठी त्या क्षुल्लक नाहीत. वाघोलीहून बसने रामवाडी, तेथून मेट्रो, पुढे पुन्हा बस किंवा रिक्षा असा प्रवास शनिवारी फक्त बैठकीसाठी करायचा, म्हणजे त्या मुलीचा सुट्टीचा दिवस गेला. आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याने तास बुडवला, तर त्याचे त्या तासाचे मानधन बुडते, हे तुम्ही जाणताच. फेलोशिप मिळणारा आणि न मिळणारा असे दोघे एकाच टेबलाशी बसतात, तेव्हा त्यांचा एक तास सारख्या किमतीचा नसतो. म्हणून नवी वेळ ठरवताना व्हॉट्सॲपच्या गटावर मत मागवू नका. ‘तुम्हाला चालेल ते मला चालेल, मॅडम’ असे सात निरोप येतील. त्याऐवजी आठवड्यातील तीन-चार शक्य वेळा कागदावर लिहून द्या आणि न जमणारी वेळ प्रत्येकाने नाव न लिहिता खोडावी. माझा अंदाज असा, की शनिवार सर्वांत आधी खोडला जाईल, आणि बुधवार-गुरुवारी डब्याच्या आधीची, साडेअकरा ते पावणेएक अशी वेळ निघेल. जेवणाच्या आधी ठेवलेल्या बैठकीला आपोआप अंत असतो; अध्यक्षाला जे जमत नाही ते भुकेला जमते. अर्थात वार बदलला, की अर्ध्या पानाच्या टिपणाचा गुरुवारही त्याप्रमाणे दोन-तीन दिवस अलीकडे सरकेल.

आता तुमच्या रद्द होणाऱ्या बैठकींविषयी. नॅकची समिती, प्रश्नपत्रिका, प्राचार्यांचा निरोप हे टळणारे नाही. पण बैठक तुमच्यावाचून होत नाही, यातच ती कुणाची आहे हे ठरते. एक विद्यार्थी चार तास प्रवास आणि तयारी करून येतो आणि दहाला पाच कमी असताना ‘आजची मीटिंग कॅन्सल’ असा निरोप वाचतो. असे तीनदा झाले, की चौथ्या वेळी तो तयारी करत नाही, आणि आपण त्याला निरुत्साही म्हणतो. म्हणून आजपासून ठरवून टाका, की तुम्ही नसाल तरी बैठक होईल. ती चालवण्याचे काम पाळीने, वक्ता सोडून दुसऱ्याकडे असावे: वेळ सांभाळणे, लहानापासून मोठ्याकडे प्रश्न नेणे आणि शेवटी कोण काय करणार हे पाच ओळींत लिहून सर्वांना पाठवणे. तुमच्याशिवाय झालेल्या पहिल्या बैठकीचे इतिवृत्त तुम्हाला कदाचित थोडे पोरकट वाटेल. त्यावर शेरा मारू नका. मात्र एक सावधगिरी घ्यायला हवी: तुमच्या अनुपस्थितीत सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी तुमची खुर्ची घेऊन बसत नाही ना, हे अधूनमधून धाकट्यांना विचारत राहा, कारण मॅडमच्या रागापेक्षा सीनियरचा टोमणा जास्त लागतो.

इतिवृत्त लिहिणे आणि चहा सांगणे ही कामे पाळीने म्हणजे खरोखर पाळीने व्हावीत. मी पाहिलेल्या बहुतेक गटांत ‘तिचे अक्षर चांगले आहे’ या कारणाने ती एकाच मुलीकडे वर्षानुवर्षे राहिली आहेत, आणि लिहिणाऱ्याला बोलता येत नाही.

रसायने संपली, ऑटोक्लेव्हची वेळ, जेम पोर्टलवरची अडकलेली खरेदी, सिंक कुणी साफ करायचे, या गोष्टी बैठकीच्या शेवटी दहा मिनिटांत, शक्यतो उभ्याने कराव्यात. सुरुवातीला घेतल्या तर त्याच बैठक होतात.

सक्तीबद्दल माझे मत तुम्हाला थोडे जुन्या वळणाचे वाटेल. सगळ्यांनी मिळून वेळ ठरवल्यानंतर तेथे येणे हे ऐच्छिक राहू नये. न येणाऱ्याने आदल्या दिवशी कळवावे आणि इतिवृत्त वाचावे, एवढी अपेक्षा ठेवण्यात काही गैर नाही. एम.एस्सी.च्या मुलांना परीक्षेच्या महिन्यात मोकळे ठेवा. सहीचा कागद मात्र फिरवू नका. आणि तुमच्या विषयात तर निसर्गच वेळापत्रक ठरवतो: जून ते सप्टेंबर निम्मा गट सड्यांवर असणार, आणि ऑगस्ट-सप्टेंबरातील फुलोरा आपल्या बैठकीसाठी थांबणार नाही. त्या चार महिन्यांत आठवड्याची बैठक ठेवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा, संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर अर्ध्या तासाचे फोनवरचे बोलणे ठेवा. त्यात फक्त नोंदी, अडचणी आणि सुरक्षितता. खोलीत पाच आणि पडद्यावर तीन अशी मिश्र बैठक शक्यतो टाळावी, कारण पडद्यावरचे तिघे दहा मिनिटांनी प्रेक्षक होतात. सगळेच खोलीत किंवा सगळेच फोनवर, हे बरे. सत्राच्या सुरुवातीलाच पंचांग आणि परीक्षांचे वेळापत्रक समोर ठेवून, गणेशोत्सव आणि दिवाळी वगळून, सगळ्या तारखा एकदाच लिहून काढल्या, तर ‘या आठवड्यात आहे का?’ हा प्रश्न कुणाला पडत नाही.

ज्या वाचकांचे गट वेगळ्या घडणीचे आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. बारा-पंधरा जणांच्या मोठ्या प्रयोगशाळेत एका वक्त्याची पाळी वर्षातून एक-दोनदाच येईल. तेथे विषयानुसार चार-पाच जणांचे उपगट करून ते दर आठवड्याला आणि सगळा गट महिन्यातून एकदा बसवावा. इतिहास, अर्थशास्त्र, मराठी अशा विषयांत, जेथे प्रयोगशाळा नसते आणि बहुतेक विद्यार्थी सोलापूर, अहिल्यानगर, साताऱ्याकडे नोकरी करत प्रबंध लिहितात, तेथे दर आठवड्याची बैठक ही कल्पनाच निरर्थक आहे. महिन्यातून एका रविवारी, एकाच्या प्रकरणाची दहा पाने सर्वांनी आधी वाचून दोन तास बोलले, तर एकटेपणाही कमी होतो आणि प्रकरणही पुढे सरकते. आणि जे विद्यार्थी हे सदर वाचून ‘हे आमच्या सरांना कोण सांगणार’ असे म्हणत असतील, त्यांनी बैठकीची रचना बदलण्याची मागणी करण्याऐवजी पुढच्या आपल्या पाळीला अर्धे पान लिहून आधी पाठवावे आणि शेवटी ‘मला हे एवढे हवे आहे’ असे लिहावे. याला परवानगी लागत नाही.

शेवटी, तुमच्या त्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीबद्दल. बैठकीची नवी घडी बसायला तुम्हाला महिना-दोन महिने लागतील, पण तिच्यासाठी तेवढे थांबू नका. जी मुलगी सर्वांत जास्त बोलत होती आणि चार महिन्यांपूर्वी बोलायची थांबली, तिच्या बाबतीत भाषा किंवा भीड ही कारणे लागू पडत नाहीत. चार महिन्यांपूर्वी काहीतरी घडले आहे. ते कामात असेल, घरी असेल, फेलोशिपच्या पैशांत असेल, किंवा एखाद्या शनिवारी तुम्ही रागाने बोललेल्या एका वाक्यात असेल, जे तुम्ही विसरला असाल. तिला तुमच्या खोलीत बोलावून ‘तू हल्ली बोलत का नाहीस?’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाला ‘काही नाही, मॅडम’ याखेरीज उत्तर नसते. या आठवड्यात तिच्या बाकाजवळ जा, तिच्या पेट्री डिश किंवा नोंदवही बघा, आणि कोणती गोष्ट तिच्याकडून पुन्हापुन्हा फसते आहे, ते तिला दाखवायला सांगा. सोबत दुसरे कुणी नको, आणि हाताशी तासभर असू द्या.